आमची वाटचाल : बहरातली फांदी आणि मुळी

जळगाव–एरंडोल रस्त्यालगतच्या आमच्या 12 गुंठ्यांत 2008 साली रोपवाटिका सुरू केली, तेव्हा केळी आणि कपाशी एवढाच शेतीचा अनुभव गाठीशी होता. केळीचा कंद जमिनीत गेला की उगवतो. फांदीचे तसे नसते, हे आम्हाला बोगनवेलीने शिकवले.

पहिल्याच वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास बोगनवेलीच्या रोपांची मोठी मागणी आली. गिऱ्हाइकाला रंगाची खात्री हवी असते, म्हणून आम्ही भर बहरातल्या फांद्या छाटून 500 पिशव्या भरल्या. आठ-दहा दिवसांत डोळे फुटले, काही कलमांवर तर फुलेही टिकून होती, आणि येणारी-जाणारी माणसे कौतुक करू लागली. तिसऱ्या आठवड्यात पाने मलूल झाली. धाकट्या भावाने एक कलम हलकेच उपटून पाहिले, तर खालचा काप काळपट पडला होता आणि मुळीचा मागमूसही नव्हता. अखेर 37 रोपे हाती लागली. घेतलेली आगाऊ रक्कम आम्ही परत केली.

चूक कुठे झाली, हे समजायला दोन हंगाम गेले. फांदीत साठलेले अन्न मर्यादित असते आणि ती फुलावर असली की त्यातला मोठा वाटा फुलाकडे ओढला जातो, त्यामुळे कापाच्या जागी मुळ्या धरायला फारसे काही उरत नाही. वर फुटलेली कोवळी पानेही त्याच साठ्यावर जगतात. ती कलम लागल्याची खूण नव्हे. त्यातच आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, आणि मुळी नसलेल्या फांदीला त्या हवेत पानांवाटे उडणारे पाणी भरून काढता येत नाही.

तेव्हापासून बहर असताना आम्ही फक्त फांद्यांना त्या-त्या रंगाचा दोरा बांधतो. बहर ओसरला की हलकी छाटणी करतो आणि पावसाळ्यात त्याच फांद्यांवर आलेली, पेन्सिलीच्या जाडीची, अर्धवट पक्व फूट कलमासाठी घेतो. साधारण 15 ते 20 सेंटिमीटरचा तुकडा, खालचा काप पेराच्या लगेच खाली, कापाला मुळ्या फुटायला मदत करणाऱ्या आयबीए संजीवकाची पावडर, आणि गिरणेची धुतलेली वाळू व कोकोपीट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण. आमच्या काळ्या मातीत पाणी साचून काप कुजतो, म्हणून ती मुळ्या धरल्यानंतरच्या पिशवीत शेणखताबरोबर येते. गुलाबाचे गणित थोडे वेगळे आहे : नुकत्याच पाकळ्या गळालेल्या फुलाखालची काडी नेमकी हव्या तितकी पक्व असते, फक्त वरचे सुकले फूल आधी कापून टाकावे लागते.

तरीही कधी कधी बहरातल्या फांदीवाचून इलाज नसतो. मागच्या उन्हाळ्यात एक मावशी पाडायला काढलेल्या माहेरच्या वाड्यातून जुन्या बोगनवेलीच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या; आठ दिवसांनी ते झाड राहणारच नव्हते. मी एकेक झुबका आणि न उमललेली कळीसुद्धा खुडू लागले, तेव्हा त्यांचा हात नकळत पुढे आला. खुडलेली फुले मी त्यांच्याच ओंजळीत दिली, मोठी पाने अर्धी कापली, नऊ तुकडे लावले, वर पारदर्शक प्लॅस्टिक झाकले आणि शेडनेटखाली सर्वांत गार कोपऱ्यात ठेवले. पुढेही कळी दिसली की ती रोज सकाळी खुडत राहिलो. श्रावणातल्या कानबाईच्या रोटांच्या सणापर्यंत चार तुकड्यांना मुळ्या फुटल्या होत्या. मावशींनी दोन रोपे नेली. उरलेली दोन त्यांच्याच सांगण्यावरून आमच्या कुंपणालगत लावली आहेत, आणि यंदाच्या पावसाळ्यात त्यांच्यावरून पहिली कलमे घेण्याचा आमचा विचार आहे.