नंतर पाऊस. चांगला.

इंग्लंडातल्या हल शहरात आमच्या घराची एक भिंत शेजारच्या आजींच्या घराशी सामाईक आहे. सांगलीला गावभागातल्या वाड्यात पलीकडच्या काकूंनी मिरचीची फोडणी दिली की आम्हाला ठसका लागायचा, त्यातलाच प्रकार. इथे भिंतीतून रेडिओ येतो. रोज रात्री १२ वाजून ४८ मिनिटांनी. आधी झोपाळ्याच्या लयीतली एक संथ धून, मग कुणीतरी एका सुरात, जराही घाई न करता नावं घेत जातं. व्हायकिंग, नॉर्थ उट्सिरे, साउथ उट्सिरे, फॉर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर. लेट ड्यूटी करून आलेली मी चहाचा कप घेऊन जिन्यात बसायचे आणि ऐकत राहायचे. पहिला महिनाभर मला वाटत होतं, आजी झोपताना काहीतरी स्तोत्र लावतात.

ते स्तोत्र म्हणजे बीबीसी रेडिओ ४ वरचा शिपिंग फोरकास्ट. ब्रिटनभोवतीच्या ३१ सागरी पट्ट्यांचा हवामान अंदाज. एका रविवारी संध्याकाळी आजींच्या स्वयंपाकघरात बसले होते, तेव्हा हाच अंदाज लागला आणि रेडिओवाला म्हणाला, "रेन लेटर. गुड." मला फस्सकन हसू आलं. नंतर पाऊस, चांगला! म्हटलं, हा माणूस आमच्या जत-आटपाडीकडचाच असणार. तिकडे पावसाची बातमी सांगून पुढे "बरं झालं बाई" म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. हा विनोद आजींना समजावून सांगायला लागले, तर त्यांनी नुसतं एक बोट वर केलं. सकाळी सात पाचला पुणे केंद्राच्या बातम्या लागल्या की आप्पांचं बोट असंच वर जायचं. आजींचं बोट हंबरचा पट्टा वाचून होईपर्यंत खाली आलं नाही. हल हंबरच्या खाडीकाठी आहे, म्हणजे तो आमचाच पट्टा.

मग त्यांनी सांगितलं. ते "गुड" पावसाला उद्देशून नसतं, किती लांबचं दिसेल त्याला असतं. ५ सागरी मैलांच्या पलीकडचं दिसत असेल तर गुड, १ किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर व्हेरी पुअर. त्यांचे वडील हेसल रोडवरच्या इतर घरांतल्या पुरुषांसारखेच मासेमारीच्या ट्रॉलरवर होते. अंदाज चालू असताना घरात कुणी भांडं वाजवायचं नाही, असा नियम होता. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिन्याभराच्या आत हलचे तीन ट्रॉलर बुडाले, ५८ माणसं गेली. पहिल्या, सेंट रोमॅनसवर, रेडिओ ऑपरेटरच नव्हता. तेव्हा लिलियन बिलोका नावाच्या बाईच्या मागे हेसल रोडच्या बायका डोक्याला रुमाल बांधून रस्त्यावर उतरल्या आणि थेट लंडनपर्यंत जाऊन मंत्र्यांसमोर बसल्या. प्रत्येक ट्रॉलरवर रेडिओवाला हवा, ही त्यांची एक मागणी. आजी तेव्हा शाळा सोडून नुकत्याच कामाला लागलेल्या. हे सगळं त्यांनी मला चीजचं सँडविच कापता कापता सांगितलं, आणि मी कपाकडे बघत बसले.

त्यानंतर मी या भाषेचा नादच घेतला. सगळा अंदाज साधारण ३५० शब्दांत बसवावा लागतो, रात्रीचा थोडा मोठा. क्रियापदं जवळजवळ नाहीतच. "वारा" हा शब्दसुद्धा गाळतात, कारण ऐकणाऱ्याला ठाऊकच असतं. "साउथवेस्ट ५ टु ७" म्हटलं की संपलं, वारा नैऋत्येचा आणि त्याचा जोर ५ ते ७. पट्ट्यांचा क्रम ठरलेला, त्यामुळे आपलं नाव येईपर्यंत थांबायचं आणि आलं की कान टवकारायचे. आपण डोक्यावर तांब्या ओतताना गंगे च यमुने चैव म्हणतो, त्याचीच मला सारखी आठवण येते. या यादीतही फोर्थ, टाइन, हंबर, थेम्स अशा नद्या ओळीने येतात.

आणि शब्द थोडे असले तरी प्रत्येकाला माप आहे. वादळाच्या इशाऱ्यात "इमिनंट" म्हणजे ६ तासांच्या आत, "सून" म्हणजे ६ ते १२ तासांत, "लेटर" म्हणजे त्याच्याही पुढे. या "सून"ने मला दोन दिवस छळलं. मी मिरजेत नर्सिंग करत होते तेव्हा हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीवर "दुरुस्ती लवकरच" अशी पाटी होती. तिसऱ्या वर्षी टाकी तशीच गळत होती, पाटी मात्र गंजून पडली. इथे "लवकरच"ला घड्याळ बांधलंय. वारा घड्याळाच्या काट्यांसारखा वळत गेला तर "व्हीअरिंग", उलटा वळला तर "बॅकिंग". लाटा १४ मीटरच्या वर गेल्या की समुद्र "फिनॉमिनल". चार मजली इमारतीएवढं पाणी अंगावर येतंय आणि निवेदक ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगतो. कमी दाबाचा पट्टा विरत चालला की म्हणतात, "लूझिंग इट्स आयडेंटिटी". ओळख हरवत चाललाय. हे पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मी चहा तसाच ठेवून आईला फोन लावला. इकडची रात्र म्हणजे तिकडची पहाट, ती सडा घालत होती. "काय गं, बरी आहेस ना?" म्हणाली. काही नाही, सहज.

वॉर्डातल्या गोऱ्या पोरींना याचं फार कौतुक. झोप येईना की आम्ही हेच लावतो, म्हणतात. सागरी पट्ट्यांचा नकाशा कपांवर, टॉवेलवर छापून विकायला असतो. २००२ मध्ये फिनिस्टेरचं नाव बदलून फिट्झरॉय केलं, तर लोक नाराज झाले.

इथे मात्र मला जरा राग येतो. आपला अंदाज कधी कुणी टॉवेलवर छापला? "कोकण, गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह", म्हणून बघा मोठ्याने. कुठे कमी आहे ताल? आणि आपण काय करतो, तर हवामान खात्याने पाऊस सांगितलाय ना, मग छत्री घरी ठेवा! तुरळकलाही माप आहे, महाराजा. विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस म्हणजे तुरळक ठिकाणी, त्यापुढे ५० पर्यंत काही ठिकाणी, ७५ पर्यंत बऱ्याच ठिकाणी. दिवसाला ६४.५ मिलिमीटर झाल्याशिवाय खातं त्याला जोरदार म्हणत नाही. खातं १८७५ चं आहे. १९२८ मध्ये मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात. आणि इंग्रज तरी कुठे शहाणे होते? ज्या फिट्झरॉयचं नाव समुद्राला दिलं, त्यानेच १८६१ मध्ये वादळाचे इशारे सुरू केले. अंदाज चुकले की वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली. १८६५ मध्ये त्याने जीव दिला. टॉवेल नंतर आले.

(सांगलीत होते तोवर हवामान खात्याची बाजू मी एकदाही घेतली नव्हती, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. असो.)

खरं तर आम्हा सांगलीकरांचा स्वतःचा शिपिंग फोरकास्ट आहे. पावसाळ्यात तो घरोघरी चालतो. आधी कोयना, नवजा, महाबळेश्वर इथला पाऊस मिलिमीटरमध्ये, मग कोयनेतून किती क्युसेक सोडलं, मग आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका. पाणी कुठे शिरलं तेही ठरल्या क्रमाने. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मारुती चौक, टिळक चौक. यातही क्रियापद लागत नाही. "अडतीस. चढतंय." बस्स.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ५७ च्या वर गेला. मी हलमध्ये होते. आई-आप्पा विश्रामबागला मावशीकडे, गावभागातलं घर पाण्यात, फोन लागला तर लागला. ये म्हणून कुणी म्हटलं नाही, पण "तू तिकडेच का?" असं दोघातिघांनी विचारलं. मी काय करणार होते येऊन? पुणे-बेंगळुरू हायवे बंद, गावाला चारी बाजूंनी वेढा. मुंबईला उतरून पुण्यातच अडकले असते. रजाही नव्हती. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं, अजूनही सांगते.

त्या आठवड्यात आजी रोज सकाळी दारात उभ्या राहायच्या. सहानुभूतीचं एक वाक्य नाही. "तुझा पूल काय म्हणतोय, लव्ह?" इथल्या बायका सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, आपण बाळा म्हणतो तसं. मी आकडा सांगायचे. त्या तो फ्रिजवरच्या कागदावर कालच्या आकड्याखाली लिहायच्या. पुलाचं नाव ऐकून त्यांनी नकाशात बोट ठेवून दाखवलं. १९२९ साली आमच्या पुलाचं उद्घाटन करणारा व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन इथलाच, यॉर्कशरचा. हलपासून गाडीने तासाभरावर त्याचं गाव.

यंदाही पाऊस लागला तशी धाकधूक सुरू झाली. परवा रात्री आप्पांचा व्हॉइस मेसेज आला. सत्तरी उलटली तरी आवाज सात पाचच्या बातम्यांचाच. कोयना, नवजा, महाबळेश्वर, विसर्ग, आयर्विन. सकाळी तो तसाच आजींना ऐकवला. मराठीचा एक शब्द त्यांना येत नाही, पण बोट वर करून त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"उतरतंय?"

"उतरतंय."

"सावकाश?"

"सावकाश," मी म्हटलं, आणि त्यांनी फ्रिजवरचा पेन काढला.