ब्रिटनीबरहुकूम

ब्रिटनी स्पीअर्सचं 'बेबी वन मोअर टाइम' १९९८च्या शेवटी आलं आणि पुढची दोन-तीन वर्षं अमेरिकेतल्या प्रत्येक सोनेरी केसांच्या गायिकेला जणू सर्दीच झाली. गाण्याच्या सुरुवातीला पियानोचे तीन ठोके, आणि त्यावर झोपेतून उठल्यासारखं, घशात खरखरणारं 'ओ बेबी बेबी'. त्यातला 'बे' नाकातून निघतो, ताणला जातो आणि शेवटी चावून टाकला जातो. सूर लागण्याआधी येणारी ती खरखर हीच ब्रिटनीची खरी सही. बाकी सगळं विकत मिळत होतं.

विकत म्हणजे स्टॉकहोममध्ये. डेनिझ पॉप आणि मॅक्स मार्टिन या स्वीडिश संगीत-निर्मात्यांचा तिथला स्टुडिओ म्हणजे हिट गाण्यांचा कारखानाच. मार्टिनने 'बेबी वन मोअर टाइम' आधी टीएलसी या अमेरिकन गायिकांच्या त्रिकुटाला देऊ केलं होतं. त्यांनी नको म्हटलं, मग ते सोळा वर्षांच्या ब्रिटनीच्या वाट्याला आलं. आणि त्याच्याही आधी, १९९७ साली, याच मंडळींनी घडवलेलं रॉबिन या स्वीडिश मुलीचं 'शो मी लव्ह' अमेरिकेत पहिल्या दहात जाऊन आलं होतं. आज ते कुणालाही ऐकवा, तो बेधडक म्हणेल, ही ब्रिटनीची कॉपी. साल सांगितलं की गप्प बसेल.

तर साचा असा आधीपासूनच तयार होता. पण कंपन्यांना तेवढ्यावर समाधान नव्हतं, त्यांना ती खरखरही हवी होती. यात मला सगळ्यात वाईट वाटतं ते जेसिका सिम्प्सनचं. ही चर्चमध्ये गाऊन तयार झालेली मुलगी, मोकळा आणि दमदार आवाज. १९९९चं तिचं पहिलं हिट गाणं शेवटाकडे असं काही चढतं की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. २००१ साली 'इरेझिस्टिबल' आलं, तेव्हा हीच मुलगी आधी कानाशी कुजबुजते, मग शब्द तोडत, श्वास टाकत गाते. स्वीडिश गीतकार इथेही हजर. मध्येच एखाद्या ओळीला मूळ गळा उसळी मारतो आणि लगेच आवरला जातो. आपल्याकडे सुमन कल्याणपूरांचं गाणं लागलं की लोक लताबाई समजून डोलायचे, पण तो गळाच तसा होता. इथे चांगला भरदार गळा मुद्दाम बारीक करून घेतला होता.

गंमत म्हणजे खुद्द ब्रिटनीनेही स्वतःची नक्कल केली. २००० सालचं 'ऊप्स' हे पहिल्या गाण्याचं सख्खं भावंड, तोच मार्टिन, तोच थाट. आणि २००१च्या उन्हाळ्यात विला फोर्ड ही आणखी एक गायिका 'आय वॉना बी बॅड' म्हणत रांगेत येऊन उभी राहते न राहते, तोवर सप्टेंबरात ब्रिटनीने नेपच्यून्स या अमेरिकन निर्मात्यांच्या जोडीला हाताशी धरून 'आय अॅम अ स्लेव्ह फॉर यू' काढलं. त्यात तो पियानोही नाही आणि स्टॉकहोमही नाही. रांग लागली होती त्या दुकानाची मालकीण मागच्या दाराने निघून गेली होती.

एवढं सगळं बोलून झाल्यावर सांगतो, या नकलांतलं मँडी मूरचं 'कँडी' मला मनापासून आवडतं. १९९९ साल, बाई पंधरा वर्षांच्या, व्हिडिओत पोपटी रंगाची फोक्सवॅगन बीटल. सुरुवातीला कुजबुज, पुढे 'बे'ची तीच ओढाताण, सगळं बरहुकूम. पण ती खरखर काही तिला जमत नाही. आवाज स्वच्छ, शहाण्या मुलीचा राहतो, आणि त्यामुळेच गाणं गोड लागतं. पुढे मोठी झाल्यावर तिने म्हणे सुरुवातीचे अल्बम विकत घेणाऱ्यांना पैसे परत द्यायला हवेत असं बोलून दाखवलं. आम्ही 'कँडी' टीव्हीवर फुकटात पाहिलं, तेही घरातलं मोठं माणूस आलं की आवाज बंद करून. त्यामुळे आमचं तिच्याकडे काही येणं निघत नाही.