घर नवं केलं, पण बघायला कुणी येईना

नाशिकच्या इंदिरानगरमधला आईचा फ्लॅट आम्ही जूनमध्ये विकायला काढला. ऑक्टोबर उजाडेपर्यंत उंबरा ओलांडून आत आलेली कुटुंबं फक्त दोन. आणि हे घर नुकतंच आतून-बाहेरून नवं केलेलं होतं. निदान मी तरी तसंच म्हणत होते. खरं तर ते फक्त आतून नवं होतं, आणि सगळी गोम तिथेच होती.

इमारत 1997 सालची. तळमजला अधिक तीन मजले, दहा फ्लॅट, लिफ्ट नाही. बाबा अंबडच्या एका कारखान्यात होते, त्यांनी कर्ज काढून दुसऱ्या मजल्यावरचा हा टू बीएचके घेतला होता. बाबा गेल्यावर फ्लॅट रीतसर आईच्या नावावर झाला. पुढे तिचे गुडघे इतके धरले की दोन मजले चढणं होईना, म्हणून तिला नाशिकरोडला माझ्याकडे आणलं. बंद घर किती दिवस ठेवायचं? विकायचं ठरलं. पण तसंच विकायला माझं मन घेईना. जुनी मोझॅक फरशी, ओल आलेलं बाथरूम, कडाप्प्याचा ओटा. म्हटलं, आधी चांगलं करू, मग चांगला भाव मागू.

नऊ लाख चाळीस हजार लागले. सगळं वायरिंग बदललं, व्हिट्रिफाइड टाइल्स घातल्या, दोन्ही बाथरूम उकरून वॉटरप्रूफिंग केलं, ट्रॉल्यांचं किचन, हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग. आणि हॉल प्रशस्त दिसावा म्हणून हॉल आणि लहान बेडरूम यांच्यामधली चार इंची भिंत काढून टाकली. पैशांचा मोठा भाग आईच्या ठेवीतला होता, म्हणून पुढचे महिने मला जास्त जड गेले. जाता जाता एक सांगते. निम्मं काम रोखीत झालं आणि त्याची बिलं मी घेतली नाहीत. घर विकताना भांडवली नफा काढतात तेव्हा सुधारणेचा खर्च त्यातून वजा होतो, पण त्याला पुरावा लागतो. आमच्या सीएंनी बिलं असलेलाच खर्च धरला.

किंमत ठरवली 52 लाख. कशी? साधारण बेचाळीस तरी येतील असा आमचा अंदाज, त्यात केलेला खर्च मिळवला. शिवाय घरातले सगळे सांगत होते, 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा येतोय, रस्ते होताहेत, नाशिकचे भाव चढणारच. दोन दलालांना सांगितलं, तीन ॲपवर जाहिरात टाकली. फोटो रात्री काढले, कारण सीलिंगमधले दिवे रात्री सुंदर दिसत.

आणि मग काहीच घडेना. जाहिरात शेकडो लोक उघडून बघत होते, तो आकडा ॲप दाखवायचं, पण फोन नाही. आई रोज संध्याकाळी विचारायची, "आज कुणी आलं होतं का गं?" मी "येतील" म्हणायचे. भाद्रपदात एका दलालाने सांगितलं, आता पितृपक्ष संपेपर्यंत कुणी घराचं नाव काढणार नाही. ते खरंच होतं. पण घटस्थापना झाली, दसराही गेला, तरी फोन वाजेना. कुणी वास्तुदोष सांगितला, कुणी दारावर लिंबू बांध म्हणालं. आईने सत्यनारायण घालायचं मनावर घेतलं. तिचं समाधान व्हावं म्हणून पूजा केली. घर प्रसन्न वाटलं, एवढं मात्र खरं.

पहिला उलगडा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांनी केला. मी नाशिकरोडहून ऑफिस सांभाळून धावपळ करणार, म्हणून घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवली होती. ते म्हणाले, "ताई, लोक येतात की. गाडी लावतात, वर बघतात, पाच मिनिटं थांबतात आणि जातात. परवाच एक जोडपं येऊन गेलं. किल्ली मागायला कुणी येत नाही."

माझ्या पोटात धस्स झालं. त्यांच्या दुकानासमोर उभी राहून मी पहिल्यांदाच आमच्या इमारतीकडे परक्या नजरेने बघितलं. पावसाने काळी पडलेली भिंत. तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रेनेज पाइपच्या सांध्यातून हातभर पिंपळ उगवलेला, आणि त्याच्या खाली आमच्या बेडरूमच्या खिडकीपर्यंत ओलीचा हिरवा पट्टा. जिन्याच्या तोंडाशी मीटरची पेटी दार निखळून उघडी, वायरी लोंबत असलेल्या. पत्रपेट्यांपैकी चार फुटक्या. जिन्यातली ट्यूब बंद, संध्याकाळी सात वाजता पहिल्या वळणावर मिट्ट काळोख. वीस वर्षं मी याच जिन्यातून चढले-उतरले, त्यामुळे मला ते दिसतच नव्हतं. दिवसभराची नोकरी करून संध्याकाळी घर बघायला निघालेला माणूस या अंधारातून दुसऱ्या मजल्यावर कशाला चढेल? आणि वर जाऊन आत स्वच्छ, चकचकीत बाथरूम दिसलंच, तर त्याला पहिली शंका हीच येणार की ओल झाकली आहे.

दुसरा उलगडा एका बाईंच्या फोनने झाला. त्यांनी जाहिरात नीट वाचली होती. "टू बीएचके आहे ना?" मी म्हटलं, नकाशात आहे, पण आम्ही भिंत काढून हॉल मोठा केलाय, खूप छान दिसतो. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "छान असेल हो. पण सासूबाई असतात आमच्याकडे. मुलगी दहावीला आहे. आम्हाला खोली हवी, हॉल मोठा घेऊन काय करू?" फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या भिंतीच्या पलीकडच्या खोलीत मी बारावीचा अभ्यास केला होता, बाबांचं आजारपण तिथेच निघालं. इंदिरानगरसारख्या भागात जुना टू बीएचके कोण घेतं? शिकती मुलं आणि म्हातारी माणसं असलेलं घर. त्यांना हवी असलेली एकच गोष्ट मी पैसे देऊन पाडून टाकली होती. आणि ॲपवर मी प्रामाणिकपणे "1 बीएचके" भरलं होतं. म्हणजे टू बीएचके शोधणाऱ्यांना आमचं घर दिसत नव्हतं, आणि वन बीएचके शोधणाऱ्यांना 52 लाख बघून धक्का बसत होता.

किमतीचं गणित मात्र मला शिकवलं राणेनगरच्या एका जुन्या एजंटांनी. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, नोंदणी असलेले, साठीच्या पुढचे, कमी बोलणारे गृहस्थ. घरात आल्यावर त्यांनी सीलिंगकडे बघितलंही नाही. नळ सोडून बघितला, खिडकी उघडली, पार्किंग कुठलं ते विचारलं. मग म्हणाले, "ताई, या बिल्डिंगमधला शेवटचा फ्लॅट कितीला गेला?" मला माहीत नव्हतं. त्यांनी मोबाइलवर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवरचं ई-सर्च उघडलं. वर्ष, गाव, मिळकत क्रमांक टाकला आणि सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, समोर आली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आठ महिन्यांपूर्वी गेला होता. मोबदला : साडेसदतीस लाख. ही माहिती कुणालाही बघता येते, आणि घर घ्यायला निघालेली माणसं हल्ली ती बघूनच निघतात.

मग माझ्याच वहीत त्यांनी मांडून दाखवलं. इमारत अठ्ठावीस वर्षांची. तुमच्या ट्रॉल्या आणि दिवे बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराचं मूल्य ठरवणारा माणूस, फारसे धरणार नाही. तो जागा, वय, क्षेत्रफळ आणि आजूबाजूचे व्यवहार बघणार. चांगल्या स्थितीचे थोडे वाढवून 41 लाख लिहील. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मालमत्तेच्या मूल्याच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. म्हणजे बत्तीस लाख ऐंशी हजार. तुम्ही मागताय 52. वरचे एकोणीस लाख वीस हजार त्या माणसाने स्वतःच्या खिशातून, रोख जमवून आणायचे. मुद्रांक शुल्क वेगळं, 30,000 नोंदणी फी वेगळी, आणि या रकमेच्या घरात मुद्रांक शुल्काला बँक कर्ज धरत नाही. पन्नास लाख किंवा वर गेलं की 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशांतला कर, कापून भरायचं कामही त्याच्याच गळ्यात. "ज्याच्याकडे एवढी रोकड आहे, तो लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर येत नाही, ताई. तो पाथर्डी फाट्याला नव्या स्कीममध्ये जातो. आणि ज्याला तुमचं घर परवडायला हवं, तो ॲपवर चाळीस ते पन्नास लाख टाकून शोधतो. त्याला तुम्ही दिसतच नाही."

मला वाईट वाटलं, रागही आला. नऊ लाख चाळीस हजार खर्च केलेत हो, असं मी दोनदा म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, "तो तुमचा खर्च आहे. घेणाऱ्याची किंमत नाही." त्या रात्री आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग भिंत परत घाल."

भिंत परत घातली. सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकची, दार आणि रंगासकट अडतीस हजारांत. दोन्ही बाजूंची टाइल तशीच ठेवता आली, सीलिंगचा एक पट्टा कापावा लागला.

बाहेरचं काम अवघड होतं, कारण ते माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. सोसायटीची मीटिंग लावायला तीन रविवार गेले. दुरुस्ती निधीतून पाइप बदलायला बहुतेक जण तयार होते, कारण ओल त्यांच्याही घरात येत होती. पण पिंपळाला हात लावायचा नाही म्हणून वरचे काका अडून बसले. त्यांची श्रद्धा होती, तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. शेवटी माळ्याला बोलावून पिंपळ मुळासकट काढला, आणि काकांनी स्वतः तो जवळच्या मोकळ्या भूखंडावर लावला, पाणी घातलं. मग पाइप बदलला, सांधे भरले. जिन्याचा रंग, ट्यूबलाइट, मीटर पेटीचं दार आणि पत्रपेट्या यांचे अठ्ठावीस हजार मी दिले. ते द्यायला मला जराही जड वाटलं नाही. खरं सांगायचं तर हे अठ्ठावीस हजार आधी खर्च केले असते, तर सीलिंग केलंच नसतं.

दिवाळी झाल्यावर जाहिरात नव्याने टाकली. साडेत्रेचाळीस लाख, टू बीएचके. फोटो सकाळी नऊच्या उन्हात काढले. पहिला फोटो इमारतीचा समोरून, दुसरा जिन्याचा, तिसरा पार्किंगच्या जागेचा, मग खोल्या. चटई क्षेत्र किती ते स्पष्ट लिहिलं. पूर्णत्वाचा दाखला, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती, सोसायटीचं ना-हरकत पत्र एका फाइलमध्ये तयार ठेवलं आणि तसं लिहिलंही. इंदिरानगर बोगद्यातली गर्दी सगळ्या नाशिकला माहीत आहे, म्हणून संध्याकाळची वेळ कुणाला द्यायची नाही, शनिवार-रविवारी सकाळीच बोलवायचं, असं एजंटांनी सुचवलं. तेही लागू पडलं.

पहिल्या महिन्यात चौदा कुटुंबं येऊन गेली. काहींना लिफ्ट नाही म्हणून नको होतं, ते त्यांनी तोंडावर सांगितलं, आणि मला ते ऐकून बरं वाटलं. निदान कारण कळत होतं.

घर घेतलं ते सातपूरला नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी. बायको, मुलगा आणि आई असे सगळे मिळून आले. आईचं वय सत्तरीच्या आसपास, पण जिना सहज चढून आल्या. किचनच्या ट्रॉल्या सूनबाईंना आवडल्या. सीलिंग बघून ते गृहस्थ म्हणाले, उंची कमी वाटते, आम्ही काढून टाकू. मी गप्प राहिले. आजी मात्र थेट त्या लहान खोलीत गेल्या. भिंतीला हात लावून बघितला, पलंग कुठे येईल ते पावलांनी मोजलं आणि माझ्या आईला विचारलं, "ऊन येतं का हो इकडे?"

"सकाळचं येतं, दहापर्यंत," आई म्हणाली. "मी पापड घालायचे या खिडकीत."

मग त्या दोघी तिथेच उभ्या राहून बोलत बसल्या. किती वाजता पाणी येतं, देव कुठे मांडायचे, कामाला बाई कोण मिळते. किमतीचं बोलणं हॉलमध्ये चाललं होतं, पण व्यवहार जमणार हे मला त्या खोलीतल्या आवाजावरून कळलं.

सव्वाबेचाळीस लाखांना ठरलं. पौष लागायच्या आत विसार व्हावा अशी त्यांची इच्छा होती, तशी विसार पावती केली. त्यांच्या बँकेचा व्हॅल्युअर लेझर मीटर घेऊन आला, मंजूर नकाशा उघडून खोल्या मोजल्या आणि भिंत जागेवर आहे हे बघून पुढे गेला. नसती तर शेरा मारावा लागला असता, असं तो सहज बोलून गेला. त्याने 41 लाख 60 हजार लिहिले. खर्च आणि मिळालेला भाव यांचा हिशेब मी केला आहे, आमचे पाचेक लाख गेले. आईला तो आकडा सांगितला, तिने ऐकून घेतला.

किल्ल्या द्यायच्या दिवशी आई हट्टाने आली. किल्ल्या देऊन झाल्यावर त्या आजींना म्हणाली, "चला, गच्चीवरच्या टाकीचा आपला व्हॉल्व्ह कुठला ते दाखवते, सगळे सारखेच दिसतात." मी "मी दाखवते" म्हणाले, तर तिने ऐकलं नाही. कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत, ती आणखी दोन मजले चढून गेली.