तुम्ही विचारलंत म्हणून : जहाजाच्या विमा कंपनीवर थेट दावा लावता येतो का?

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवतो. निफाड-दिंडोरीकडची पोरं मर्चंट नेव्हीत जायला लागली, तसा एक प्रश्न माझ्याकडे वरचेवर यायला लागला. "वकीलसाहेब, ट्रकनं उडवलं तर तुम्ही ट्रकच्या विमा कंपनीकडून पैसे मिळवून देता. आमचा पोरगा जहाजावर जायबंदी झाला, तर जहाजाच्या विमा कंपनीला का नाही धरत?"

प्रश्न रास्त आहे. धरता येतं, पण सगळ्या रकमेसाठी नाही. जे मिळतं तेही पुष्कळांच्या हातून निसटतं, कारण असा हक्क आहे हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आधी ट्रकचं बघू. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि न्यायाधिकरणाचा निवाडा झाला की पैसे भरायची जबाबदारी विमा कंपनीवर येते. ड्रायव्हरच्या लायसन्समध्ये काही खोट निघाली तरी न्यायाधिकरण पुष्कळदा कंपनीला सांगतं, आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा.

जहाजाच्या विम्यात ही गाडी उलटी धावते. तिथं जबाबदारीचा विमा बहुतेक करून पी अँड आय क्लबांकडे असतो. जहाजमालकांनीच एकत्र येऊन उभ्या केलेल्या या परस्पर विमा संस्था. त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटात 12 क्लब आहेत आणि जगातल्या समुद्री जहाजांच्या टनेजपैकी सुमारे 90 टक्के त्यांच्याकडे आहे. त्यांच्या नियमांत एक जुनी अट आहे : मालकानं आधी स्वतःच्या खिशातून भरपाई द्यायची, मगच क्लब ती मालकाला देणार. आणि मालकाचंच दिवाळं वाजलं तर? ब्रिटनमध्ये 1930 च्या कायद्यानं अशा वेळी मालकाचे विम्याचे हक्क दावेदाराकडे जात. पण 1990 साली 'फांती' आणि 'पाद्रे आयलंड' या जहाजांच्या खटल्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, निकाल दिला की मालकानं आधी पैसे भरलेलेच नाहीत, म्हणून त्याला हक्क नाही, आणि त्याला नाही तर दावेदारालाही नाही. ती प्रकरणं मालाच्या नुकसानीची होती. व्यापाऱ्यांमधल्या भांडणात हा तर्क चालून जाईल, पण पाय गमावलेल्या माणसासमोर तो मांडायला माझी जीभ रेटत नाही.

ब्रिटिश संसदेलाही ते पटलं असावं. 2010 चा नवा कायदा 1 ऑगस्ट 2016 पासून लागू झाला. विमा उतरवणारा मालक दिवाळखोर असेल, तर मृत्यू आणि शारीरिक इजेच्या दाव्यांत ही अट त्यानं निष्प्रभ केली. मालाच्या दाव्यांत मात्र ती सागरी विम्यापुरती राहू दिली. पुष्कळ क्लबांचे नियम इंग्लिश कायद्याखाली चालतात, म्हणून हे नाशिकमध्ये बसूनही माहीत असावं लागतं.

आपल्या पोरांच्या खऱ्या कामाचा आहे तो सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी, 2006. भारतानं तो 2015 मध्ये मान्य केला. 18 जानेवारी 2017 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार कामामुळे मृत्यू झाला किंवा दीर्घकाळाचं अपंगत्व आलं, तर नोकरीच्या करारातली भरपाई देण्यासाठी जहाजाकडे आर्थिक हमी असलीच पाहिजे. खलाशी, त्याचे वारस किंवा त्यांचा प्रतिनिधी ती हमी देणाऱ्याकडे, म्हणजे बहुधा विमा क्लबाकडेच, थेट मागणी करू शकतात.

जहाज धक्क्याला बांधायचा दोर, म्हणजे मूरिंग रोप, तुटून ज्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं, अशा एका ओएसचे (साध्या खलाशाचे) वडील माझ्याकडे आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेची, झेरॉक्स, एक्स-रे, आणि मॅनिंग एजंटनं, म्हणजे जहाजावर भरती करणाऱ्या एजंटनं, सहीसाठी पाठवलेला कागद. कागदावरची रक्कम करारातल्या तक्त्यापेक्षा बरीच कमी होती आणि खाली ओळ होती : यापुढे मालक, जहाज आणि विमा कंपनी यांच्यावर कसलाही दावा राहणार नाही. "नाना, यावर सही करू देऊ नका," मी म्हटलं. करारात ठरल्यापेक्षा कमी रक्कम घ्यायला दबाव आणायचा नाही, हे एमएलसीतच लिहिलेलं आहे. अपंगत्व किती टक्के हे ठरायला वेळ लागणार असेल, तर तोवर अंतरिम रक्कम द्यायची असते. आणि करारातली रक्कम घेतली म्हणून बाकीचे कायदेशीर हक्क जात नाहीत.

मग मी पोराला फोन लावायला सांगितला. अजून जहाजावर असलेल्या मित्राकडून त्यानं नोटीस बोर्डावरच्या प्रमाणपत्राचा फोटो मागवला. हे प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं लावावंच लागतं. त्यावर जहाजाचं नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख क्रमांक), हमी देणाऱ्याचं नाव-पत्ता, संपर्क आणि मुदत, सगळं असतं. कुणाला पत्र लिहायचं याचं उत्तर त्या एका फोटोत मिळालं. म्हणून ज्यांची पोरं आज साइन ऑन करताहेत, म्हणजे जहाजावर रुजू होताहेत, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : चढल्या दिवशी त्या कागदाचा आणि स्वतःच्या कराराचा फोटो घरी पाठवा.

एक गोष्ट मला फार लागते. जहाजाच्या तेलानं किनारा नासला, तर विमा कंपनीवर थेट दावा करायची तरतूद 1969 च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. त्याच जहाजावर राबणाऱ्या माणसाला तसा हक्क मिळायला 2017 उजाडलं, आणि तोही फक्त करारातल्या रकमेपुरता. मालकाचं दिवाळं निघालं तर विम्याचे हक्क कामगाराकडे जातात, ही कल्पना आपल्याला नवी नाही. 1923 च्या भरपाई कायद्याचं 14 वं कलम तेच सांगत होतं. मग सागरी इजेच्या प्रत्येक दाव्यात, मालक बुडो वा तरो, विमा कंपनीला थेट प्रतिवादी करता आलं पाहिजे. कायद्यात तसं स्वच्छ लिहून घ्यायला आपण मागणी केली पाहिजे.

तोवर करारातल्या रकमेच्या वर मालकाच्या निष्काळजीपणाची भरपाई हवी असेल, तर जहाजच धरावं लागतं. 2017 चा ॲडमिरल्टी, म्हणजे सागरी दाव्यांचा, कायदा 1 एप्रिल 2018 पासून लागू आहे. जहाज महाराष्ट्राच्या बंदरात आलं, तर मुंबई उच्च न्यायालय ते अटकवू शकतं. जहाज सोडवायला मालकाला तारण द्यावं लागतं आणि क्लब बहुधा तेव्हाच हमीपत्र घेऊन पुढे येतो. पण इजेच्या दाव्याचा सागरी धारणाधिकार, म्हणजे दाव्यासाठी जहाजावरच असलेला हक्क, एका वर्षात संपतो. एजंट "बघतो, कळवतो" म्हणत महिने घालवतो ते याच वर्षातले असतात, तेव्हा कागद घेऊन लवकर या.