लक्षण एकही नव्हतं, तरी तपासणी केली

जळजळ नाही, फोड नाही, अंगावरून जाणंही नेहमीसारखंच. पण कंडोमशिवाय संबंध आला होता आणि मनातली धास्ती जाईना. म्हणून गुप्तरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "सगळ्या टेस्ट लिहून द्या."

त्यांनी कागद पुढे ओढलाच नाही. आधी विचारलं, संबंध कधी आला? योनीतून, तोंडावाटे की गुदद्वारातून? उत्तर देताना कानशिलं तापली. पण घशातला गनोरिया (संबंधांतून पसरणारा जिवाणूंचा आजार) लघवीच्या तपासणीत दिसत नाही, त्यासाठी घशातूनच स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने नमुना, घ्यावा लागतो. मी लाजून गप्प बसले असते तर तो स्वॅब घेतलाच गेला नसता. योनीतला स्वॅब मात्र मला स्वतःला घ्यायला दिला. त्याने किती हायसं वाटलं!

मग दिवसांचा हिशेब. क्लॅमिडिया (हाही तसाच जिवाणूंचा आजार) आणि गनोरिया साधारण 2 आठवड्यांनी नीट सापडतात. एचआयव्हीची प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) चाचणी निगेटिव्ह आली, तरी ती संबंधानंतर 45 दिवसांनी केलेली असली तरच खात्रीची. सिफिलिससाठी (उपदंशासाठी) 3 महिने धरायचे. (संबंध ताजा असेल तर थांबायचं नाही. एचआयव्ही टाळणारी पेपची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. माझ्या बाबतीत तेवढा वेळ उरला नव्हता.) घाईने तपासून निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेणाऱ्या कितीजणींना हे कुणी सांगतं? मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

क्लॅमिडिया पॉझिटिव्ह आला. गरोदर नसल्याची खात्री करून डॉक्टरांनी 7 दिवस डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं, सकाळ-संध्याकाळ. तोवर संबंध बंद.

औषधापेक्षा, ज्याच्याशी संबंध आला होता त्याला फोन करणं जड गेलं. तो म्हणाला, "पण मला तर काहीच त्रास नाहीये."

"मलाही नव्हता. तरी निघाला ना? उपचार न करता राहिला तर गर्भनलिकांना इजा होऊ शकते. तू औषध घेतलं नाहीस तर मला परत होईल."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग डॉक्टरांचा नंबर मागितला.

45 दिवसांनंतरची एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह आली. क्लॅमिडिया पुन्हा होणं सर्रास घडतं, म्हणून उपचारानंतर 3 महिन्यांनी परत स्वॅब द्यायचा आहे. सिफिलिसचं रक्तही त्याच दिवशी देणार आहे.