आमची वाटचाल : पॅटर्नच्या तुकड्यांतून घड्याळ

आमचा मूळ धंदा घड्याळाचा नव्हे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, लाकडी पॅटर्न करून द्यायचे, हे वडिलांचं काम. बेळगावात पॅटर्न म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. पंपाची बॉडी ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढ्या हिशेबानं मोठा धरायचा. त्यासाठी वडिलांकडं वेगळी पट्टी असायची. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. ही पट्टी चुकून पोरांच्या दप्तरात गेली तर भूमितीचं वाटोळं होईल म्हणून आई ती कपाटावर ठेवायची.

पॅटर्नला सागवानच लागायचं, आणि तेही पक्कं वाळलेलं. लाकूड वाकलं तर कास्टिंग वाकडं येणार आणि शिव्या पॅटर्नवाल्याला बसणार. त्यामुळं खानापूर, दांडेलीकडचा माल वखारीतून आणला की पट्ट्या मारून, मध्ये वारा खेळेल अशा चळती लावून तो शेडमध्ये पडून असायचा. इंचभर जाडीला वर्षभर, हा वडिलांचा अंदाज. घाईचं गिऱ्हाईक आलं तरी त्या चळतीला ते हात लावू देत नसत.

पुढं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी कापायची यंत्रं, आली. अ‍ॅल्युमिनियमचे आणि रेझिनचे पॅटर्न आले. दहा हजार नगांना एकच पॅटर्न टिकवायचा असेल तर लाकडाला कोण विचारणार? फाउंड्रीवाल्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. आमच्याकडं राहिलं ते सुट्या एखाददुसऱ्या नगाचं काम, दोन जुने मिस्त्री आणि भिंतीलगत छातीएवढा ढीग. त्या ढिगात वर्षानुवर्षं वाळलेले सागवानाचे तुकडे, मधेमधे शिसवाच्या चिपा. बंबात घालायला जीव होत नव्हता आणि दाराखिडक्यांना ते पुरत नव्हते.

एका जुन्या गिऱ्हाइकानं खंडेनवमीला माणसांना द्यायला काहीतरी बरं, लाकडाचं करून मागितलं आणि त्या ढिगातून पहिली घड्याळं निघाली. त्याच्या पुढं काही फार योजना नव्हती. दिवाळीला दुसऱ्यानं मागितली, मग एका शाळेनं निवृत्त होणाऱ्या सरांसाठी. आज पॅटर्न हे आमचं जोडकाम आहे आणि पोट घड्याळावर चालतं.

घड्याळ लहानच आहे. सात इंच उंच, पाच इंच रुंद, टेबलावर किंवा देवघराशेजारच्या फडताळात बसेल असं. दिसायला साधी चौकट, पण तिच्यात एक गंमत आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चौकटीचे चारही तुकडे एकाच पट्टीतून ओळीनं कापलेले असतात : बाजू, माथा, बाजू, तळ. त्यामुळं लाकडाची रेघ कोपऱ्यावरून वळून पुढं चालत राहते. तीन कोपऱ्यांवर ती जुळते. चौथ्यावर पट्टीची दोन टोकं भेटतात, तिथं जुळणं शक्यच नसतं. तो कोपरा आम्ही खाली ठेवतो. कुणी घड्याळ उचलून बघितलं तर त्याला तो दिसेल, आणि उचलून बघणाऱ्याला आम्ही चहा पाजतो.

कोपरे पंचेचाळीस अंशांत कापलेले. असा सांधा दिसायला सुरेख पण ताकदीला कच्चा, कारण तिथं लाकडाची उघडी टोकं येतात आणि ती गोंद पिऊन टाकतात. म्हणून आधी पातळ हात द्यायचा, तो मुरू द्यायचा, मग दुसरा हात देऊन जोडायचं. त्यात सागवान तेलकट. रंधा मारून ठेवलेला तुकडा दोन दिवसांनी चिकटवायला घेतला तर गोंद नीट धरत नाही, ताज्या रंध्यावरच जोडलेला बरा. चौकट आवळायला महागडे क्लॅम्प आहेत, पण मिस्त्री अजून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात. चारही बाजूंनी सारखा ताण बसतो आणि लाकडाला वळ उठत नाहीत. गोंद वाळला की प्रत्येक कोपऱ्यात खाच मारून शिसवाची पातळ चीप बसवायची. ती शोभेची वाटते, पण सांधा धरून ठेवते तीच.

समोरची, डायलची फळी दोन सूत, म्हणजे पाव इंच जाड. ती चौकटीच्या खोबणीत सुटी असते, तिला गोंदाचा थेंबही लागत नाही. नवीन मुलं हमखास विचारतात, "मामा, ही हलते की ओ! चिकटवूया काय?" चिकटवायची नाही. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं एवढंच. इथल्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि चैत्रात तेच घर कोरडं ठणठणीत होतं. फळीला हलायला जागा नसेल तर ती स्वतः फुटेल नाहीतर चौकटीचा कोपरा उघडेल. खोबणीत अर्धा सूत मोकळा सोडला की काम झालं.

आता पॉलिश. गिऱ्हाईक ज्याला घासाघीस करून स्वस्तात मागतं ते हेच, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तोही इथंच. सागवानाची छिद्रं उघडी असतात. चॉक पावडरीत गेरू आणि पिवडी कालवून ती छिद्रं बुजवायची, वाळलं की रेघेच्या दिशेनं बारीक पेपर मारायचा. आडवा मारलेला एक ओरखडा पॉलिशखाली दहापट मोठा दिसतो. मग चपडी. लाखेची ही पातळ पापुद्र्यांसारखी चपडी रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत ठेवायची, आणि तीही काचेच्या बाटलीत. लोखंडी डब्यात ठेवली तर काळवंडते. सकाळी फडक्यातून गाळून घ्यायची.

लावायला ब्रश नाही, बोळा. आत कापूस, वर जुनं मलमल. बोळा चिकटू नये म्हणून त्यावर तेलाचा एखादा थेंब. हात गोल फिरत राहिला पाहिजे. मधेच थांबला तर आधीचा थर उचलला जातो. हे काम आमच्याकडं वडगावच्या दोन बायका करतात. दोघी आधी मागावर होत्या. हाताला लय होती, ती इथं कामाला आली. त्यातल्या आक्का सकाळी आल्या की आधी आभाळाकडं बघतात. "आज बोळा नको धरूया, पांढरं पडतंय बघा." हवेत दमट असलं की ओल्या थरात पाणी धरतं आणि पॉलिशवर धुकं चढतं. त्यामुळं जून ते सप्टेंबर आमच्याकडं सुतारकाम चालतं, पॉलिश जवळजवळ बंद. एका पुरवठादारानं सल्ला दिला की मेलामाईनचा, म्हणजे तयार रासायनिक पॉलिशचा, स्प्रे घ्या, पावसाचं झंझट नाही. ते आम्ही मागणीप्रमाणं देतो, पण चपडीची झळाळी त्याला नाही, आणि ओरखडा पडला तर मेलामाईन सगळं खरवडावं लागतं. चपडीवर नुसता बोळा फिरवला की ती पुन्हा एकजीव होते. तिचा दोषही सांगून टाकतो : गरम भांडं सहन होत नाही. घड्याळाचा माथा सपाट आहे, म्हणून त्यावर चहाचा कप ठेवणारी घरं आहेत. कपाच्या बुडाचा पांढरा गोल घेऊन घड्याळ परत येतं.

घड्याळाच्या आतलं मशीन आमचं नाही. ते गुजरातेतून, मोरबीकडून येतं. देशातला घड्याळांचा मोठा धंदा तिथंच आहे. हे आम्ही लपवत नाही. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला. त्याला पंधरा वेळा निम्मं करत गेलं की बरोबर 1 उरतो, आणि त्या एकावर सेकंदकाटा एक पाऊल टाकतो. कारखाना बघायला आलेल्या शाळेच्या मुलांकडून मी हा भागाकार फळ्यावर करून घेतो. महिन्याला पाच-पंधरा सेकंद इकडंतिकडं होतात, तेवढं चालायचंच.

लंबक लावून द्या, अशी मागणी नेहमीची. सेकंदाला एक झोका घेणारा खरा लंबक जवळपास मीटरभर लांब लागतो, अर्ध्या सेकंदाचा घ्यायचा तरी पंचवीस सेंटिमीटर. सात इंचांच्या चौकटीत तो मावणार कुठं? नुसता हलणारा, वेळेशी काही संबंध नसलेला शोभेचा लंबक मिळतो. तो आम्ही लावत नाही.

अंक मात्र आमचेच. फाउंड्रीच्या पॅटर्नवर कंपनीचं नाव, पार्ट नंबर उठावदार अक्षरांत बसवायचा असतो, त्यामुळं बारीक अक्षरं कोरायची सवय आमच्या मिस्त्रींना होतीच. ते स्वतः घरी कानडी बोलतात आणि मराठी, कानडी, रोमन तिन्ही अंक सारख्याच सफाईनं कोरतात. निपाणी, चिकोडीहून मराठी आणि कानडी दोन्ही मागण्या येतात, धारवाडकडून बहुतेक कानडी, गोव्याच्या दुकानदारांना रोमन. रोमन डायलवर चाराच्या जागी चार उभ्या रेघा असतात. घड्याळांची ती जुनी रीत आहे, पण "चार चुकलाय" म्हणून भांडायला येणारे कमी नाहीत.

एका संस्थेनं सभासदांना वाटायला मोठी ऑर्डर देऊ केली होती. भाव प्लास्टिकच्या घड्याळाचा, आणि डायलवर अध्यक्षांचा फोटो. हिशेब केला, वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "फोटो चिकटवायला सागवान कशाला वाया घालवायचं?" तो विषय तिथंच संपला.

मागचं झाकण दोन स्क्रूंवर आहे, मशीन एका नटावर. सेल गळाला, मशीन बंद पडलं तर कुठल्याही घड्याळजीकडं बाजारात मिळणारं दुसरं बसतं. काटे बसतात त्या मशीनच्या दांड्याची लांबी दोन सूत फळीला पुरेल एवढी बघून घ्यायची. काटे बसवताना आधी तासकाटा बारावर, मग मिनिटकाटा बारावर. मग मागची किल्ली फिरवत पूर्ण बारा तास काढायचे. काटे एकमेकांना कुठं घासतात का ते तेव्हाच कळतं. घरी जमत नसेल तर उद्यमबागेत आणा, तुमच्यासमोर बदलून देतो, फक्त मशीनचे पैसे पडतील. नव्या घड्याळाची ऑर्डर पावसाळ्यात दिलीत तर ते खंडेनवमीच्या आत हाती पडणार नाही, हे आक्कांच्या वतीनं आताच सांगून ठेवतो.