तुम्ही विचारलंत म्हणून : रिबेका नर्सच का?

‘एवढे विषय असताना तुम्हाला चेटकिणींचेच खटले कसे दिसतात?’ घरचे विचारतात, परकेही विचारतात. आजवर ‘आवड आहे’ म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर एका बाईपाशी येऊन थांबतं.

रिबेका नर्स; नर्स हे तिचं आडनाव. अमेरिकेतलं सेलम, 1692. वय 71. आरोप चेटकीण असल्याचा. हिचं रूप येऊन आम्हाला चिमटे काढतं, गळा दाबतं, असं गावातल्या काही मुली सांगत होत्या आणि कोर्ट तो पुरावा मानत होतं. तरीही ज्यूरीने तिला निर्दोष ठरवलं! मुलींनी आकांत मांडला. मग न्यायाधीशांनी ज्यूरीला तिच्याच बोलण्याची आठवण करून दिली. आपण चेटकीण असल्याची कबुली दिलेल्या एका कैदी बाईला साक्षीला आणलं, तेव्हा रिबेका म्हणाली होती, ‘ही तर आमच्यातली.’ म्हणजे चेटकिणींतली? ज्यूरीप्रमुख थॉमस फिस्कला खात्री वाटेना. तिने उलगडा करावा म्हणून त्याने कोर्टात तिच्यासमोर ते शब्द पुन्हा काढले. ती गप्प राहिली. निकाल फिरला.

नंतर तिने लिहून दिलं : मला कमी ऐकू येतं, मन दुःखाने भरलं होतं, माझ्या शब्दांचा काय अर्थ लावला हे कुणी सांगितलंच नाही. ‘आमच्यातली’ म्हणजे आमच्यासारखीच कैदी. 19 जुलैला तिला फाशी दिली.

मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने जेमतेम. एका नोकरीत हिशेबात तूट निघाली. टेबलाभोवती सहा जण. साहेबांनी कागद चाळता चाळता, मान वर न करताच काहीतरी विचारलं. मला फक्त त्यांचा भांग दिसत होता. पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून मी मान डोलावली. प्रश्न होता, ‘तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?’ दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा दिला. नोकरी गेली ती गेलीच.

तिच्याशी बरोबरी करतेय असं समजू नका. तिचा जीव गेला.

वर्षानुवर्षं मी सांगत आले, बहिरेपणाने तिचा घात केला. आता ते पटत नाही. तिची बहीण मेरी ईस्टी सप्टेंबरात फासावर गेलीच. सेलमला फाशी दिलेल्या 19 जणांत कबुलीवर ठाम राहिलेलं एकही माणूस नव्हतं; आरोप नाकारणारेच फासावर गेले. ऐकू आलं असतं तरी ती ‘मी चेटकीण नाही’ असंच म्हणाली असती. पण मग फिस्कला शंका आली होती, तिचं काय? त्या क्षणी तरी तिला वाचवता आलं असतं ना?

तो तिच्यापासून किती लांब उभा होता, तिच्याकडे बघून बोलला का, हेच मी अजून शोधत असते.